हेळव्याची वही: मोडीत आलेल्या पदकाला वारस मिळाला

कोल्हापूरच्या गुजरीत माझं चांदीचं दुकान आहे. गेल्या दिवाळीनंतर एक गिऱ्हाईक मोड घेऊन आलं. तुटके तोडे, एक करंडा, आणि तळाशी काळं पडलेलं पदक. "शेट, हे बी त्यातच धरा." एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार, १९१४ आणि १९१८. पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल, सुमारे ३१ ग्रॅम चांदी. या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण ठोकलेली असते. भिंग लावून वाचलं: ११० मराठा. गिऱ्हाइकानं ते जुन्या बाजारात घेतलेलं, त्याला कुणाचं ते ठाऊक नव्हतं. मी चांदीचे पैसे दिले आणि पदक मुशीत न टाकता गल्ल्यात ठेवलं.

पुढचे सात महिने त्याचा वारस शोधण्यात गेले. ज्यांना आपल्या घरातला असा कुणी शोधायचाय त्यांच्यासाठी हा अनुभव लिहितोय.

सुरुवात कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या, म्हणजे महायुद्धांत मेलेल्या शिपायांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावरून केली. शोध फुकट आहे. नाव मिळालं, मृत्यू १९१६, स्मारक बसरा, बापाचं नाव आणि 'चिखली, कोल्हापूर'. ११० वी पलटण इराकातल्या कूतच्या वेढ्यात होती. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ एवढे दिवस तिथं माणसं अडकली, धान्य संपलं आणि शेवटी शरणागती झाली. बसऱ्याच्या स्मारकावर ४० हजारांहून अधिक जणांची नोंद आहे, पण साध्या हिंदी शिपायांची नावं दगडावर कोरलीच नव्हती, नुसते आकडे. अशा वागणुकीबद्दल कमिशननं २०२१ साली माफी मागितली. हे वाचल्यावर पदकाच्या कडेवरची ती एक ओळ मी परत परत वाचली.

मग एका ऑनलाइन वंशावळ सेवेला साडेतीन हजार रुपये भरले. त्यांनी त्याच आडनावाच्या लोकांची यादी पाठवली, त्यात निम्मे मुंबईचे. एकदाही फोन करून विचारलं नाही की चिखली कुठली. आपल्या जिल्ह्यात प्रयाग चिखली करवीरची आणि दुसरी चिखली कागलची, हे इथल्या कुणालाही माहीत आहे. ते पैसे गेले.

प्रयाग चिखलीत गेलो. त्या आडनावाच्या घरात म्हातारे म्हणाले, कागदपत्रं २०१९ च्या पुरात गेली. पण एकानं सांगितलं, "हेळव्याला विचारा की. त्येची वही गावात नसती."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हेळवी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या आपल्या यजमान घराण्यांच्या वंशावळी राखणारे. पूर्वी बैलावर बसून यायचे, आमचे हेळवी मोटरसायकलवर आले. सुगी झाल्यावर फेरी करतात, प्रत्येकाची गावं आणि कुळ्या ठरलेल्या. मी नाव सांगायला लागलो तर त्यांनी हात वर केला. "आधी कुळी सांगा, देवक सांगा. नाव मागनं." ते ऐकून त्यांनी कापडात बांधलेली वही सोडली. जुनी पानं मोडी लिपीत, नवी बॉलपेननं. बापाचं नाव निघालं, त्याखाली तीन भाऊ. मधल्याच्या नावापुढं रेघ थांबली होती.

मी पाहिलेल्या त्या वहीत पुरुषांचीच नावं चढलेली. लेक असेल तर ती नसल्यासारखी. या सेवेतली खरी उणीव हीच, आणि मला ती फार लागली. पण रेघ थांबली म्हणून ते हेळवी थांबले नाहीत. धाकट्या भावाच्या घरात मला घेऊन गेले. तिथल्या नव्वदीतल्या आजी म्हणाल्या, "त्येला एक लेक हुती लेकरा. कागलाकडं दिलती. माझी सासू सांगायची, बापाचं बिल्लं पदरात बांधून गेलती."

सासरचं आडनाव आजींना आठवत होतं. त्या घराण्याचे हेळवी वेगळे. आमच्या हेळव्यांनी त्यांना स्वतः फोन लावला, कानडीत दहा मिनिटं बोलले, आणि त्या लेकीच्या नवऱ्याच्या नावाखाली मुलगा, नातू, पणतू अशी सगळी रांग उतरून दिली. पणतू हयात, पत्त्यासकट. वर्षाला फेरी असते म्हणून तर ही वही ताजी. सरकारी कागद मेलेल्यापाशी थांबतो, हे लोक जिवंत माणसाच्या उंबऱ्यावर उभे असतात.

पैसे विचारले तर ठरवून काही मागितलं नाही. मी एक पोतं जोंधळा, धोतरजोडी आणि पाच हजार दिले. कमीच वाटले.

हेळव्यांच्या सेवेला माझे पाचपैकी पाच. जाणार असाल तर भावकीतल्या थोरल्या घरी विचारा, हेळवी कोण आणि कधी येतात. कुळी, देवक, मूळ गाव लिहून न्या. घरातल्या म्हाताऱ्या बायकांना आधी भेटा. आणि पदक असेल तर घासू नका, रिठ्यानंसुद्धा. कडेवरची अक्षरं झिजतात.

पणतू कागलजवळ ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज चालवतात. ऑइलचे हात आधी साबणानं, मग राखेनं धुतले, आणि पदक घेण्याआधी आईला आतून बाहेर बोलावलं.