दणकट पेन ड्राइव्ह घ्यायचाय: अखंड धातूचा, फिरकीच्या टोपणाचा, की रबरी कवचाची एसएसडी?

चिपळूणच्या बाजारपेठेत माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लग्नपत्रिका, सातबाऱ्याचे स्कॅन, कॉलेजचे प्रोजेक्ट, फ्लेक्सची डिझाइनं असं सगळं पेन ड्राइव्हवरून येतं. "पाण्यात पडला तरी चालेल असा कोणता घेऊ?" हा प्रश्न दर पावसाळ्यात कानावर पडतो, आणि त्याचं उत्तर देताना मला दरवेळी काउंटरचा तो खण आठवतो.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारात शिरलं तेव्हा त्या खणात माझे आणि गिऱ्हाइकांचे विसरलेले मिळून २३ पेन ड्राइव्ह होते. चौथ्या दिवशी ते चिखलातून उपसून काढले. साधे, स्वस्त, एका तुकड्यात ओतलेले बहुतेक सगळे वाचले. त्यांतला एक मात्र गेला. ज्याचा होता तो घाईने आला, रुमालाने पुसला आणि तसाच ओलसर लॅपटॉपला लावला. वीज मिळाली, आतला ओलावा अजून तिथेच होता, आणि ड्राइव्ह पुन्हा कधी दिसला नाही. पाण्याने चिपमधला डेटा पुसला जात नाही. ओल असताना वीज सोडली की घात होतो, किंवा खारं-गढूळ पाणी सुकताना संपर्कपट्ट्यांवर हिरवट गंज धरतो.

सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते एका भारी, फिरकीच्या टोपणाच्या ड्राइव्हचं. गिऱ्हाइकाने खास पाण्यासाठी म्हणून घेतलेला. टोपण उघडलं तर आतून चमचाभर गढूळ पाणी आलं. आट्यांमध्ये वाळूचा कण अडकला होता, त्यामुळे टोपण शेवटचा अर्धा फेरा बसलंच नव्हतं. उघड्या ड्राइव्हमधून पाणी निदान निघून तरी जातं. याच्यात ते चार दिवस कोंडून राहिलं.

आता तिघांची तुलना. पहिला प्रकार अखंड धातूचा. सॅमसंगचा बार प्लस त्यातला माहितीचा. त्याला टोपण नाही, सरकणारा भाग नाही. कंपनीच्या दाव्यानुसार समुद्राच्या पाण्यात १ मीटर खोल ७२ तास तग धरतो, आणि ५ वर्षांची मर्यादित वॉरंटी आहे. चुंबक आणि क्ष-किरण यांपासून सुरक्षित असंही खोक्यावर लिहिलेलं असतं. त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. फ्लॅश मेमरीत माहिती विद्युतभाराच्या रूपात असते, त्यामुळे घरातल्या चुंबकाने किंवा विमानतळावरच्या तपासणीने कुठल्याच पेन ड्राइव्हचं काही बिघडत नाही.

दुसरा, टोपणवाला. कॉर्सेरचा सर्व्हायव्हर स्टेल्थ हे त्याचं ठळक उदाहरण: विमानात वापरतात त्या प्रतीच्या ॲल्युमिनियमची नळी, रबराची वळी, आणि २०० मीटर खोलीपर्यंत पाणी न शिरण्याचा दावा. आकडा पहिल्यापेक्षा दोनशेपट आहे, पण तो टोपण घट्ट असेपर्यंतचा. कामात असताना, म्हणजे संगणकाला लावलेला असताना, तो इतर कुठल्याही ड्राइव्हइतकाच उघडा. होडीवर, खाडीत, धरणाच्या कामावर जाणाऱ्याने तो जरूर घ्यावा आणि दर वेळी आटे पुसून मगच बंद करावा. कचेरीत बसणाऱ्याला त्या नळीचा त्रासच जास्त: लांब आहे, जड आहे, शेजारचा पोर्ट अडवते.

लांबीचं एवढं काय, असं वाटेल. माझ्याकडे मेलेले म्हणून जे ड्राइव्ह येतात त्यांतले निम्म्याहून अधिक पाण्याने किंवा पडून गेलेले नसतात. सीपीयूच्या पुढच्या पोर्टला लावलेला असतो, गुडघा लागतो, किंवा लॅपटॉप मांडीवरून सरकतो. बाहेर आलेला दांडा पहारीसारखा काम करतो. असा एक उघडून भिंगाखाली धरला की स्पष्ट दिसतं: यूएसबीच्या चार पायांपैकी दोन पाय झाळणासकट उचकटलेले, आणि त्यांच्याबरोबर सर्किटवरची केसाएवढी तांब्याची रेघही सोललेली. शेजारी तांदळाच्या दाण्याएवढी चकचकीत डबी असते. तिच्यातला स्फटिक कंट्रोलरला, म्हणजे ड्राइव्हचा कारभार चालवणाऱ्या चिपला, ताल देतो, आणि उंचावरून आपटल्यावर कधी कधी तोच तडकतो. माहिती साठवणारी चिप मात्र शाबूत. पाय पुन्हा झाळले की अनेकदा डेटा हाती लागतो.

इथे पहिल्या प्रकाराची एक उणी बाजूही सांगितली पाहिजे. बऱ्याच छोट्या, पाण्याला दाद न देणाऱ्या ड्राइव्हमध्ये कंट्रोलर आणि मेमरी एकाच काळ्या वडीत ओतलेले असतात. पाणी शिरायला फटच नसते, झाळणही निघत नाही. पण ती वडी आतून बिघडली तर डेटा काढणाऱ्याला वरचा थर खरवडून सूक्ष्म बिंदूंना तारा जोडाव्या लागतात. हे काम मोजक्या ठिकाणी होतं आणि महाग पडतं. तरीही मी रोजच्या वापराला तोच सुचवतो, कारण त्याच्यावर ती वेळ कमी येते.

तिसरी, रबरी कवचाची एसएसडी, म्हणजे चिपवरच माहिती साठवणारी, केबलने जोडायची डबी. सॅमसंगची टी७ शील्ड पाहिली की वाटतं हीच सगळ्यात दणकट. ३ मीटरवरून पडण्याचा दावा आहे, वेग पेन ड्राइव्हच्या कितीतरी पुढचा, आणि टाइप-सी पोर्ट आहे. पण धूळ-पाण्यापासून बचावाचा तिचा दर्जा आयपी६५ आहे, आणि इथेच गल्लत होते. सहाचा अर्थ धूळ आत जात नाही. पाचचा अर्थ पाण्याची धार अंगावर आली तरी चालते. बुडवणं त्यात येत नाही. बुडण्याची शक्यता असेल तर दुसरा आकडा सात बघा: १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. लासीच्या रग्ड एसएसडीला आयपी६७ आहे. म्हणजे पावसात लग्नाचं शूटिंग करणाऱ्याला टी७ शील्ड पुरेशी, पण नदीकाठी ड्रोन उडवणाऱ्याने दुसरी बघावी. एसएसडीचा आणखी एक फायदा: जोडणी केबलने होते, त्यामुळे धक्का केबल झेलते. शिवाय टाइप-सी १०,००० वेळा काढ-घाल सहन करेल अशा बेताने आखलेला आहे. जुन्या चौकोनी यूएसबीचं प्रमाण १,५०० वेळांचं. रोज चार वेळा काढणाऱ्या-घालणाऱ्याला १,५०० म्हणजे वर्षभराचा हिशेब झाला.

उन्हाळ्याचा विचार कोणी करत नाही. विदर्भातले माझे एक मेहुणे गाडीत गाण्यांचा पेन ड्राइव्ह कायम लावून ठेवतात. बार प्लसची वापराची मर्यादा ० ते ६० अंश सेल्सिअस आहे, नुसता ठेवायची ७० पर्यंत. मे महिन्यात नागपूरला काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड त्याही पुढे जातो. उष्णतेने चिपमधला भार लवकर गळतो, आणि त्याला कुठलंही कवच अडवत नाही. गाडीत लावायचाच असेल तर साधा घ्या आणि त्यात मूळ प्रत ठेवू नका.

सीए किंवा वकिलांसाठी चौथा पर्याय थोडक्यात: किंग्स्टनचा आयर्नकी डी३०० जातीचा ड्राइव्ह. जस्ताचं कवच आणि पासवर्डचं कुलूप. सलग १० वेळा चुकीचा पासवर्ड पडला की आतलं पुसलं जातं. विसराळू माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये.

मग घ्यायचं काय? विद्यार्थी, शिक्षक, दुकानदार यांनी आखूड, अखंड धातूचा घ्यावा आणि संगणकाला फूटभर एक्स्टेन्शन केबल लावून ठेवावी. माझ्या काउंटरवर ती बांधलेलीच आहे. तेव्हापासून माझा एकही पोर्ट ढिला झालेला नाही. फोटो-व्हिडिओवाल्यांनी एसएसडी. टोपणवाला फक्त पाण्यावर काम करणाऱ्यांनी.

आणलात की त्यात काहीही भरण्याआधी एचटूटेस्टडब्ल्यू हा फुकटचा प्रोग्राम चालवा. तो ड्राइव्ह काठोकाठ भरतो आणि भरलेलं परत वाचून बघतो. १२८ जीबी लिहिलेला माल आत ८ जीबीचाच निघाला, असं मी स्वतः पाहिलंय. मोठा ड्राइव्ह असेल तर चाचणीला काही तास लागतात. रात्री लावून झोपा, आणि दुकानाची पावती निकाल हिरवा येईपर्यंत फाडू नका.