चिवट रसायनं आणि आतड्याचं आरोग्य: फिल्टर, आहार, प्रोबायोटिक की औषध?

आतड्यासाठी काही करायचं म्हटलं की आधी गोळीच आठवते. शरीरात वर्षानुवर्षं टिकणाऱ्या रसायनांचा प्रश्न असेल, तर गोळीआधी विचारायचं ते हे: रसायन कोणतं, आणि ते कुठल्या वाटेनं येतंय?

अशा चिवट रसायनांना आळा घालणाऱ्या २००१ च्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या पहिल्या यादीत बारा रसायनं होती. डीडीटी (कीटकनाशक), पीसीबी (जुन्या विद्युत उपकरणांतली तेलं), डायॉक्सिन (जळणातून तयार होणारी) ही त्यांतलीच. पुढे २००९ मध्ये पीएफओएस आणि २०१९ मध्ये पीएफओए ही पीफास, म्हणजे फ्लोरिनयुक्त चिवट रसायनांच्या कुळातली रसायनं त्यांत आली. यादी एक असली तरी अंगात शिरल्यावर दोन्ही कुळांच्या वाटा वेगळ्या होतात. डायॉक्सिन आणि पीसीबी चरबीत जाऊन बसतात. पीएफओएस-पीएफओए रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटतात, पित्तातून आतड्यात उतरतात आणि तिथून बऱ्याच अंशी पुन्हा रक्तात शोषले जातात. ही फेरी लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. त्यांचं प्रमाण निम्म्यावर यायला काही वर्षं जातात, तर सर्वांत विषारी डायॉक्सिनला साधारण सात ते अकरा वर्षं लागतात.

आतड्यात बिघडतं काय? तिथल्या पेशींमध्ये एएचआर नावाचा रिसेप्टर, म्हणजे संकेत पकडणारं प्रथिन, असतो. काही लॅक्टोबॅसिलस जिवाणू अन्नातल्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून इंडोल जातीची संयुगं बनवतात. ती या रिसेप्टरला हलकी चालना देतात आणि अस्तराची डागडुजी चालू राहते. डायॉक्सिन नेमकं त्याच जागी घट्ट बसतं आणि ते सहज मोडत नसल्यामुळे संकेत बंदच होत नाही. पीसीबी दिलेल्या उंदरांत दोन दिवसांत जिवाणूंची घडण बदलल्याचं २०१३ च्या एका अभ्यासात दिसलं. आधी पाच आठवडे चाकावर पळालेल्या उंदरांत हा बदल कमी होता. अर्थात उंदरांना दिलेली मात्रा आपल्या रोजच्या मात्रेहून फार मोठी असते. माणसांपुरता ठळक धागा पीएफओएचा आहे. अमेरिकेत दूषित पाणी प्यायलेल्या हजारो लोकांची पाहणी करणाऱ्या सी-एट सायन्स पॅनेलने २०१२ मध्ये पीएफओए आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण होण्याचा आजार) यांच्यात 'संभाव्य दुवा' असल्याचं सांगितलं.

आता पर्याय. पाण्यात पीफास असल्याचं चाचणीतून कळलं असेल, तर फिल्टरच्या तोडीचं दुसरं काही नाही. आरओ सगळ्यांत भरवशाचा, कारण तो लांब आणि आखूड साखळीची (कार्बन अणूंची साखळी लांब किंवा आखूड असलेली) दोन्ही रसायनं अडवतो. पण बरंच पाणी वाया घालवतो. सक्रिय कार्बन सोपा आहे आणि पीएफओए-पीएफओएस चांगले धरतो. आखूड साखळीच्या रसायनांपुढे मात्र तो लवकर हात टेकतो आणि काडतूस वेळेवर बदललं नाही तर त्याचा उपयोग नावापुरताच. पाणी उकळून काहीच साधत नाही, उलट वाफ गेल्यावर राहिलेल्या पाण्यातलं प्रमाण वाढतं. आणि रसायन अन्नातून येत असेल तर फिल्टर लावून काय करणार? डेन्मार्कमधल्या कोर्सोर गावात लोकांच्या रक्तात पीएफओएस आलं ते गोमांसातून. अग्निशमन प्रशिक्षणाच्या जागेलगत चरलेल्या गायींचं ते मांस होतं.

डायॉक्सिन आणि पीसीबीच्या बाबतीत तर फिल्टरचा विषयच निघत नाही. माणसाला मिळणाऱ्या डायॉक्सिनपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक अन्नातून येतं, मुख्यतः मांस, दुग्धजन्य पदार्थ आणि मासे यांतून. इथे चरबीचे पदार्थ कमी करणं आणि एकाच ठिकाणच्या मालावर विसंबून न राहणं, एवढंच हाताशी उरतं. परिणाम दिसायला वर्षं लागतील, पण दुसरी वाट नाही.

चोथ्याला, म्हणजे फायबरला, मी फिल्टरनंतर लगेच जागा देईन. तो दोन कामं करतो. आतड्यातले जिवाणू त्यापासून ब्युटिरेट नावाचं छोटं मेदाम्ल बनवतात आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्याच्यावर जगतात. शिवाय काही विद्राव्य (पाण्यात विरघळणारे) तंतू पित्ताम्लांना, म्हणजे पित्तातल्या आम्लांना, धरून बाहेर नेतात, म्हणजे पीफासच्या वरच्या फेरीत खोडा घालू शकतात. ओट्समधल्या बीटा-ग्लुकनवर चार आठवड्यांचा एक छोटा प्रयोग झाला. त्यात घट दिसली, पण किरकोळ. तेव्हा फायबरने रक्त धुऊन निघेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला निदान २५ ग्रॅम सांगते, तेवढं घ्यायला रसायनांचं निमित्त लागत नाही.

प्रोबायोटिकवर, म्हणजे जिवंत जिवाणूंच्या गोळ्यांवर, सध्या पैसे घालू नयेत, असं माझं मत. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये दाखवलं की माणसाच्या आतड्यातले काही जिवाणू पीफास आपल्या पेशींत साठवतात. असे जिवाणू सोडलेल्या उंदरांच्या विष्ठेतून ते अधिक बाहेर पडलं. शोध मोठा मनोरंजक आहे. मात्र दुकानात मिळणारी कॅप्सूल म्हणजे ते जिवाणू नव्हेत, आणि माणसांवर हे अजून सिद्ध व्हायचंय.

राहिलं औषध. कोर्सोरच्या लोकांना बारा आठवडे कोलेस्टिरामिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध दिलं तेव्हा रक्तातलं पीएफओएस सुमारे साठ टक्क्यांनी उतरलं. वर सांगितलेली फेरीच ते तोडतं, कारण आतड्यात आलेलं रसायन पकडून विष्ठेबरोबर बाहेर काढतं. या यादीत एवढा जोर दुसऱ्या कशातच नाही. पण बद्धकोष्ठ होतो, अ, ड, ई, के जीवनसत्त्वांचं शोषण कमी होतं, इतर औषधंही अडकतात. आधीच नाजूक आतड्याला हे परवडेल का, ते डॉक्टरांनीच ठरवायचं. 'डिटॉक्स' पावडरींना हा आकडा लागू नाही.

औषधापर्यंत जायचं की नाही, याला रक्ताची चाचणी आधार देते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या २०२२ च्या मार्गदर्शनानुसार ठरावीक पीफासची बेरीज मिलिलिटरमागे २ नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर दुष्परिणाम अपेक्षित नाहीत. २ ते २० मध्ये येणारा पुरवठा कमी करणं महत्त्वाचं, म्हणजे पाणी आणि अन्न. २० किंवा त्याहून वर गेल्यास पंधरा वर्षांवरच्यांत अल्सरेटिव्ह कोलायटिसची लक्षणंही तपासावीत, असं ते सांगतात. शौचातून रक्त जाणं, सतत जुलाब होणं आणि पोटात कळा येणं, यांपैकी काही होत असेल तर मात्र आकडा येईपर्यंत थांबू नका.