थार घेताना ‘एलएक्स’च्या नावाखाली आम्हाला कसं फसवलं, पहिली ऑफ-रोड गाडी घेणाऱ्यांनी नक्की वाचा

गोव्यात जे कोणी पहिल्यांदाच फोर बाय फोर गाडी (म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद जाते ती) घ्यायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी हे लिहितेय. शोरूमचं नाव लिहिणार नाही कारण तक्रार चालू आहे, पण काय झालं ते सगळं सांगते, कारण ज्या पद्धतीने आम्हाला फसवलं ती पद्धत उद्या कोणावरही वापरता येईल.

आमचं घर सत्तरीत, वाळपईच्या पुढे. डोंगरावर काजू आणि खाली झऱ्याच्या कडेला पोफळीचं कुळागर, म्हणजे सुपारीची बाग. तिथे जायचा शेवटचा तुकडा म्हणजे नुसता जांभ्याचा चढ, मध्ये एक व्हाळ म्हणजे ओढा, आणि पुढे तांबडी माती. उन्हाळ्यात पिकअप कशीबशी जाते, काजूच्या हंगामात तेवढं भागतं. पण पोफळींना कोळेरोग लागू नये म्हणून बोर्डो मिश्रणाची फवारणी ऐन पावसाळ्याच्या तोंडावर आणि परत मध्ये करावी लागते, म्हणजे चुना, मोरचूद, पंप, पाण्याची बॅरल, माणसं सगळं तेव्हाच वर न्यायचं जेव्हा रस्ता सगळ्यात वाईट असतो. बाबांना आता तो चढ पायी चढवत नाही. म्हणून मी आणि माझ्या भावाने ठरवलं की कर्ज काढून का होईना पण खरी फोर बाय फोर घ्यायची, लो रेंजवाली, म्हणजे जिच्यात चढासाठी आणि चिखलासाठी हळू पण जास्त जोर देणारे वेगळे गिअर असतात. हौस म्हणून नाही, काम होतं.

आता जरा गाडीबद्दल, कारण फसवणूक नेमकी इथेच होते. महिंद्राची नवीन थार २ ऑक्टोबर २०२० ला आली तेव्हा सगळ्या गाड्या फोर बाय फोर होत्या. मग जानेवारी २०२३ मध्ये रिअर व्हील ड्राइव्ह, म्हणजे फक्त मागच्या दोन चाकांवर चालणारी थार आली, सुरुवातीची किंमत ९.९९ लाख एक्स-शोरूम. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, तोच चेहरा, तीच उंची, आणि मुख्य म्हणजे ट्रिमचं, म्हणजे कमी-जास्त सोयींप्रमाणे केलेल्या प्रकाराचं, नावही तेच. एलएक्स फोर बाय फोरमध्येही होती आणि एलएक्स रिअर व्हील ड्राइव्हमध्येही होती (ही त्यावेळची नावं आहेत, कंपन्या नावं बदलत असतात). म्हणजे नुसतं ‘एलएक्स डिझेल’ म्हटलं तर ती कुठली गाडी हे कळतच नाही. एलएक्स म्हणजे टचस्क्रीन, अलॉय व्हील, बरी सीटं वगैरे. पुढच्या चाकांना ताकद जाते की नाही याचा त्या नावाशी काही संबंध नाही. किमतीत मात्र तीन-चार लाखांचा फरक, आणि त्याचं मोठं कारण टॅक्स. रिअर व्हील ड्राइव्ह डिझेलचं इंजिन १४९७ सीसी आहे, फोर बाय फोर डिझेलचं २१८४ सीसी. चार मीटरच्या आतली गाडी आणि डिझेल इंजिन १५०० सीसीच्या आत असेल तर ती सरकारच्या हिशेबाने छोटी गाडी होते, सप्टेंबर २०२५ पासून तिला १८ टक्के जीएसटी आणि त्यावरच्या इंजिनाला ४० टक्के. आमच्या वेळी दर वेगळे होते पण फरक तेव्हाही मोठा होता.

हे सगळं आम्ही जायच्या आधीच वाचलं होतं. शोरूममध्ये पहिलं वाक्य माझं हेच होतं की आम्हाला फोर बाय फोर पाहिजे, लो रेंज पाहिजे, बागायतीत जायचंय. त्या मुलाने मान डोलावली आणि टेस्ट ड्राइव्हला खरोखरच फोर बाय फोर दिली. भावाने ती मागच्या कच्च्या रस्त्यावर चालवली, गिअरच्या बाजूचा दुसरा लिव्हर टू एच (दोन चाकं), फोर एच (चार चाकं), फोर एल (चार चाकं, लो रेंज) असा टाकून बघितला, आम्ही खूश. मग टेबलावर बसून त्याने कोटेशन काढलं, स्वतःच्या हाताने वर लिहिलं ‘एलएक्स डिझेल फोर बाय फोर हार्डटॉप’. वेबसाइटवरच्या किमतीपेक्षा कमी कसं हे मी विचारलंच, तर म्हणाला इयर एंडचा स्टॉक क्लिअर करायचाय मॅडम, मोठी स्कीम आहे, आणि त्यात एक ‘ऑफ-रोड पॅक’ म्हणून ८५ हजारांची ओळ होती ती मात्र घ्यावीच लागेल कारण फोर बाय फोरचं सगळं त्यातच येतं. घरी आल्यावर मी परत व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, लो रेंजवालीच आहे ना, त्याचं उत्तर ‘येस मॅडम हंड्रेड पर्सेंट’. तो मेसेज अजून माझ्याकडे आहे.

सिस्टिममधून जो बुकिंगचा फॉर्म निघाला त्यावर मात्र नुसता मॉडेल कोड होता, अक्षरं आणि आकडे, आणि शेवटी आरडब्ल्यूडी, म्हणजे रिअर व्हील ड्राइव्ह. आमच्या हातात दिलेल्या कॉपीवर तो भाग स्टेपलच्या खाली गेला होता. आता हे मुद्दाम केलं की नाही ते ग्राहक आयोगच ठरवेल.

मग स्टॉकयार्डला गाडी बघायला बोलावलं. आमच्याबरोबर साखळी गावात गॅरेज असलेले आमच्या ओळखीचे एक काका आले होते, नशीब ते आले. भावाने दार उघडलं आणि पहिल्यांदा त्यालाच दिसलं की दुसरा लिव्हरच नाही, त्या जागी मोबाइल ठेवायचा खण. त्याने विचारलं तर तो सेल्सवाला एक क्षण न थांबता म्हणतो, नवीन लॉटमध्ये लिव्हर काढलाय सर, आता सेन्सरवर आहे, चिखल आला की गाडी स्वतःच ओळखते आणि फोर बाय फोर लावते. इतक्या शांतपणे म्हणाला की नवखा माणूस विश्वास ठेवेलच.

काकांनी काही वाद घातला नाही. पुठ्ठा मागितला, जमिनीवर टाकला आणि मोबाइलचा टॉर्च लावून गाडीखाली सरकले. मग मला बोलावलं आणि दाखवलं, ते मी तुम्हाला सांगते कारण हे कोणालाही बघता येतं. पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला वाकून बघायचं. फोर बाय फोर असेल तर चाकाच्या मधोमध एक जाड शाफ्ट आत गाडीच्या मध्याकडे जातो, त्याच्या टोकाला घड्या घड्यांचं काळं रबरी बूट असतं, आणि मध्यभागी डिफरेन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचा, लोखंडी गोळा. या गाडीत दोन्ही चाकांच्या मध्ये नुसती मोकळी जागा, आरपार हात गेला असता. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस (पुढच्या चाकांकडे ताकद वळवणारा डबा) नाही, तिथून पुढे ताकद आणणारा प्रॉपेलर शाफ्ट नाही. काका बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, बाय, ही मागच्या दोन चाकांवरच चालते.

मग मी कागद मागितले. इनव्हॉइस तयार होतं, त्यावर १४९७ सीसी. इन्शुरन्स काढून झाला होता, बँकेचे पैसेही त्यांच्या खात्यात गेले होते, आणि हे सगळं आम्ही गाडी बघायच्या आधी. मला सगळ्यात जास्त राग याचा आला. गाडी दाखवायच्या आधी बिल करायचं म्हणजे मग माणूस अडकतो, कॅन्सल करतो म्हटलं की व्याज, चार्जेस, सगळं त्याच्याच डोक्यावर. ऑफ-रोड पॅक म्हणजे काय निघालं तर बंपरवरचे लाइट, सीट कव्हर, मडफ्लॅप आणि दारावरचे स्टिकर.

मॅनेजर आले, चहा मागवला, आणि मग ऑफर सुरू झाली. आधी म्हणाले मॅडम आजकाल नव्वद टक्के लोक हीच घेतात, बीचवर मस्त पळते. मी म्हटलं गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे, मोरजीला कासवं अंडी घालायला येतात, तुम्ही गोव्यात गाड्या विकता आणि हे सांगता? मग म्हणाले ठीक आहे, फोर बाय फोरचं किट येतं, दीड लाखात नंतर बसवून देतो.

हे ‘नंतर बसवून देतो’ अनेकांना सांगतात म्हणून इथे थोडं थांबते. ट्रान्सफर केस, पुढचं डिफरेन्शियल, दोन शाफ्ट, पुढचा प्रॉपेलर, हब, शिवाय ब्रेकचं आणि स्टेबिलिटीचं कॉम्प्युटर, हे सगळं वेगळं असतं, नुसतं किट नट-बोल्टने लावून ते होत नाही. आणि मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आहे, कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये असा बदल करता येत नाही. उद्या अपघात झाला तर इन्शुरन्सवाले आधी हेच बघणार, वॉरंटी तर जातेच. शोरूमच्या मॅनेजरला हे माहीत नाही असं होऊच शकत नाही.

आम्ही गाडी घेतली नाही. त्याच दिवशी शोरूमला आणि कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल केला, कोटेशनचा फोटो, व्हॉट्सअ‍ॅपचा स्क्रीनशॉट, खालून काढलेले फोटो सगळं जोडून. रजिस्ट्रेशन करू नका असं लिहून दिलं, बँकेलाही लिहिलं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली. त्यानंतर त्यांची भाषा बदलली. बँकेचे पैसे परत गेले, मधल्या काळाचं व्याज आम्हाला बसलं. बुकिंगची रक्कम आणि ऑफ-रोड पॅकचे पैसे मात्र ‘कॅन्सलेशन चार्जेस’ म्हणून ठेवून घेतले, ते अजून मिळालेले नाहीत.

नंतर दुसरीकडून घेतली ती एएक्स ऑप्शनल, म्हणजे एलएक्सच्या खालची ट्रिम, फोर बाय फोर डिझेल. आणि माझं स्पष्ट मत आहे की काम करायला गाडी घेणाऱ्याने खालची ट्रिम आधी बघावी. त्यावेळी एलएक्सला १८ इंची अलॉय होते, टायर २५५/६५. एएक्सला १६ इंची स्टीलची चाकं होती, टायर २४५/७५. हिशेब केला तर एलएक्सच्या टायरची भिंत साधारण १६६ मिलीमीटर आणि एएक्सची १८४. म्हणजे खालच्या ट्रिमला दगडावर आणि चिखलात जास्त रबर मिळतं, हवा थोडी कमी करून चालवता येतं, आणि स्टीलचं चाक वाकलं तर ठोकून सरळ होतं, अलॉयला तडा गेला की नवीनच घ्यावं लागतं. ग्राउंड क्लिअरन्स एलएक्सच्या २२६ मिलीमीटरपेक्षा किंचित कमी, पाण्यात ६५० मिलीमीटरपर्यंत जायची क्षमता, आमच्या व्हाळाला पुरते. टचस्क्रीन नाही, चालतं. मागच्या डिफरेन्शियलचा लॉक (एक चाक नुसतं फिरत राहिलं तरी दुसऱ्याला ताकद देणारा) मात्र वेगळा विचारा, कुठल्या ट्रिमला कुठला लॉक हे वर्षागणिक बदललंय, त्यामुळे ज्या महिन्यात बनलेली गाडी घेताय त्याच महिन्याचं ब्रोशर मागा.

इतर गाड्यांचं पण असंच आहे. थार रॉक्स पेट्रोलला फोर बाय फोर येतच नव्हतं, फक्त डिझेलला आणि तेही ठरावीक ट्रिमांना, हे न सांगता पेट्रोल गळ्यात मारलेली माणसं मला या प्रकरणानंतर भेटली. उलट मारुतीच्या जिम्नीत झेटा आणि अल्फा या दोन्ही ट्रिमना फोर बाय फोर आणि लो रेंज आहे, तिथे ऑफ-रोडसाठी म्हणून अल्फाचे पैसे मागत असतील तर ते खोटं आहे, अल्फामध्ये तुम्ही अलॉय, मोठी स्क्रीन, एलईडी हेडलाइट असल्या गोष्टींचे पैसे देता. फोर्सच्या गुरखाला पुढे-मागे दोन्हीकडे डिफरेन्शियल लॉक आहे, ती गाडी अवजड आहे पण तिथे निदान ट्रिमचा गोंधळ नाही.

जुनी घेणार असाल तर आरसीवरची सीसी बघा, इन्शुरन्स पॉलिसीवर पूर्ण व्हेरिएंट लिहिलेलं असतं ते वाचा. मागचा फोर बाय फोरचा बॅज बाजारात मिळतो, कोणीही चिकटवतो, त्यावर जाऊ नका. पिवळ्या अक्षरांच्या काळ्या प्लेटवरची रेंट-अ-कॅब गाडी नंतर पांढऱ्या प्लेटवर करून विकतात, ते कायदेशीर आहे, पण ती किती हातांखालून गेली असेल हे गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको, म्हणून आरसीचा जुना इतिहास मागा. नवीन असेल तर बुकिंग फॉर्मवर त्यांच्याकडूनच ‘फोर बाय फोर, लो रेंजसह, इंजिन इतके सीसी’ असं लिहून शिक्का मारून घ्या, आणि चेसिस नंबरवरून गाडी खालून बघितल्याशिवाय इनव्हॉइस, इन्शुरन्स, लोनचे पैसे यातलं काहीही करायला परवानगी नाही असा एक ईमेल टाका. इन्शुरन्स त्यांच्याकडूनच घ्यायची सक्ती नाही, सेल सर्टिफिकेट म्हणजे फॉर्म २१, त्यावर सीसी असते, आरटीओला जायच्या आधी त्याचा फोटो मागा.

आमची तक्रार आता जिल्हा ग्राहक आयोगात आहे, मी स्वतःच दाखल केली, वकील लागतोच असं नाही. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्ह्यालाच होते, १० ते २० लाखांच्या गाडीला फी ४०० रुपये, आणि २०१९ च्या कायद्याप्रमाणे शोरूम कुठेही असलं तरी आपण राहतो तिथल्या आयोगात करता येते. फक्त दोन वर्षांच्या आत करावी लागते, त्यामुळे ज्यांच्या बाबतीत असं झालंय आणि जाऊ दे म्हणून सोडलंय त्यांनी आधी बिलावरची तारीख बघा.