फुलपाखरांसाठी मागवलेला 'कीडमुक्त' संच

सहा रोपांचा 'फुलपाखरू बाग' संच घरपोच मागवला, त्याला चार महिने झाले. नर्सरीचं नाव लिहीत नाही, कारण असे संच आता बऱ्याच ठिकाणी मिळतात आणि आतली रोपंही थोड्याफार फरकाने हीच असतात. पाचापैकी अडीच तारे देते. त्यातले दीड एकट्या हळदीकुंकवाच्या रोपाचे.

खोकं नीट बांधलेलं होतं, माती सांडली नव्हती, झेंडूचा एक शेंडा तेवढा मोडला होता. आत पेंटास, लँटाना, झिनिया, झेंडू, हळदीकुंकू आणि लिंबू. सोबत एक चकचकीत कार्ड, त्यावर ठळक अक्षरांत 'कीडमुक्त रोपांची हमी'. वाचून मी चक्क खूश झाले. फुलपाखराची अळी म्हणजे रोपाच्या लेखी कीडच, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

आधी फुलांचं सांगते. झेंडू आणि झिनिया दोन्ही डबल जातीचे निघाले. दिसायला झकास, पण पाकळ्यांचा असा गच्च गेंद की सोंड घालायला फटच नाही. एक फुलपाखरू झेंडूवर उतरलेलं पाहिलं. दोन पावलं चाललं, वळलं आणि उडून गेलं. घ्यायचाच तर एकेरी पाकळ्यांचा घ्या, मधला पिवळा भाग उघडा दिसला पाहिजे. पेंटास मात्र पैसे वसूल. बारीक नळीसारखी फुलं झुबक्याने येतात, एका झुबक्यावर फुलपाखराची पाच-दहा मिनिटं सहज जातात. सुकलेले झुबके खुडत राहिलं की फुलणं थांबत नाही. सहा तास तरी थेट ऊन हवं. सावलीतल्या कुंडीवर फूल असलं तरी फुलपाखरू फारसं फिरकत नाही, कारण अंग तापल्याशिवाय त्याला उडता येत नाही.

लँटाना म्हणजे आपली घाणेरीच. एकाच झुबक्यात मधली फुलं पिवळी आणि कडेची गुलाबी. जवळ बसून पाहिलंत तर गंमत दिसेल: सोंड बहुतेक पिवळ्यातच जाते. मध ताज्या, पिवळ्या फुलांत असतो आणि रंग बदलला की त्या फुलाचं दुकान बंद. पण बिया पक्षी लांबवर नेतात आणि रानात ही झाडोरा माजवते, म्हणून मी फळं धरायच्या आत झुबके छाटते. कार्डावर याबद्दल एक अक्षर नाही.

आता हळदीकुंकू. सहांतलं सगळ्यात मरतुकडं रोप. दोन काड्या, सात-आठ पानं, टोकाला लाल-पिवळ्या फुलांचा एवढासा गुच्छ. परत पाठवणार होते. पाचव्या दिवशी सकाळी प्लेन टायगर फुलपाखराची मादी आली. फुलाकडे बघितलंही नाही, पानावर पाय टेकवले, पोट खाली वळवलं आणि पुढच्या पानावर गेली. फुलपाखरू चव पायांनी घेतं, त्यामुळे आपलं झाड कोणतं हे तिला टेकताक्षणी कळतं. पान उलटून पाहिलं तर खाली चंदेरी पांढरं एकच अंडं, मोहरीपेक्षाही लहान. एकूण अकरा मोजली.

तीन-चार दिवसांत अळ्या निघाल्या. पहिला घास स्वतःच्या अंड्याच्या टरफलाचा, मग पानं. काळे-पांढरे-पिवळे पट्टे आणि पाठीवर मऊ शिंगांच्या तीन जोड्या. दहाव्या दिवशी झाडावर फक्त काड्या उरल्या. "अगं, तुझं रोप संपवलं की यांनी!" इति नवरा. त्यासाठीच तर आणलं होतं! मात्र अकरा अळ्यांना एक रोप पुरत नाही. संचात हे एकच का, हा माझा खरा आक्षेप. मी शेजारून रुईची पानं आणून वेळ निभावली. काड्यांना पुढे पुन्हा पालवी फुटली. या झाडावर पिवळा मावाही हमखास येतो. तो ओल्या बोटाने पुसून काढायचा, फवारायचं काही नाही, अगदी कडुनिंबाचं तेलसुद्धा नाही. आणि पान तोडल्यावर निघणारा पांढरा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, वाईट चुरचुरतो.

लिंबाने मात्र घात केला. कोवळ्या शेंड्यांवर लाइम फुलपाखराची पिवळसर गोल अंडी दिसली, नऊ अळ्या निघाल्या. लहानपणी त्या हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मला फार आवडतात. तिसऱ्या दिवशी दोनच उरल्या होत्या, त्याही पानाच्या कडेला लोंबकळत, आळोखेपिळोखे देत. संध्याकाळी त्याही गेल्या. हातभर अंतरावर बीपासून वाढवलेलं माझं जुनं लिंबू आहे. त्यावरच्या अळ्या ठणठणीत, बोट लावलं की डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढून घाण वास सोडणाऱ्या.

नर्सरीला लिहिलं. उत्तर आलं: "मॅडम, रोपं पाठवण्याआधी आम्ही आंतरप्रवाही कीटकनाशक देतो, काळजी नसावी. अळ्या पुन्हा दिसल्यास कळवा, औषध सुचवू." वर लिंबाचं नवं रोप फुकट देऊ केलं. बोलण्यात अदब होती, हे मान्य. पण आंतरप्रवाही म्हणजे मुळांतून शोषून पानापानांत पोचलेलं. पान धुऊन ते जात नाही, आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्महिने राहतं. फुलपाखरांच्या नावाने विकलेल्या संचात हे घालणाऱ्याला काय म्हणावं! नवं रोप नको म्हणून कळवलं. ते लिंबू आता जाळीखाली वेगळं ठेवलंय.

पुढच्या खेपेला संच नाही, सुटी रोपंच घेणार. विकणाऱ्याला दोनच गोष्टी विचारायच्या: औषध दिलंय का आणि शेवटचं कधी. ज्या रोपाची पानं कुणीतरी कुरतडलेली आहेत, ते आधी उचलायचं. यादीत हळदीकुंकवाची आणखी तीन रोपं, पेंटास एक, रेड पिएरो फुलपाखरासाठी पानफुटी (त्याची अळी पानाच्या आत शिरून गर खाते, बाहेरून नुसता फिकट डाग दिसतो), आणि खुळखुळा या रानझुडपाचं बी. खुळखुळा फुलासाठी नाही. प्लेन टायगरचे नर त्याच्या आणि भुरुंडी या रानरोपाच्या सुकलेल्या भागांतून मादीला भुलवणाऱ्या गंधाचा कच्चा माल गोळा करतात. रस्त्याकडेची भुरुंडीची एक वाळकी फांदी मी कठड्याला सुतळीने बांधली होती. काल दुपारी तिच्यावर तिघं होते, आणि शेजारी झेंडू भरगच्च फुललेला, रिकामा.