स्मोकीजमध्ये गाड्यांविना सायकल: उन्हाळ्यातला बुधवार की हिवाळ्यातला कुवोही?

अटलांटा, शार्लट, नॅशव्हिल इथल्या मराठी घरांत 'स्मोकीजला जाऊन येऊ' हा बेत वर्षातून एकदा तरी शिजतोच. गाडीमागे सायकली लावून जायचे असेल, तर कुठे उतरायचे याच्याही आधी कधी जायचे ते ठरवा. ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात वर्षाला सव्वा कोटीच्या आसपास लोक येतात. अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही राष्ट्रीय उद्यानात एवढी गर्दी होत नाही, आणि इथे येणारे जवळजवळ सगळे मोटारीने येतात. रस्ते अरुंद आहेत, कडेला सायकलपुरतीही जागा नाही, आणि चालवणाऱ्याची नजर अस्वल शोधण्यात गुंतलेली. अशा रस्त्यावर मी माझ्या मुलीला सायकल चालवू देणार नाही.

पण याच डोंगरांतले काही डांबरी रस्ते ठरावीक काळ मोटारींना बंद असतात. त्यातले दोन गाजलेले. केड्स कोव्हचा फेरा उन्हाळ्यात दर बुधवारी मोकळा मिळतो, तर कुवोहीचा घाट हिवाळ्याचे चार महिने. दोन्हींना मी पुन्हा पुन्हा गेलो आहे. आवडता कुठला, ते पुढे सांगतोच, पण माझी आवड तुमच्या घरच्यांना सोसेलच असे नाही.

केड्स कोव्ह म्हणजे चहूबाजूंनी डोंगर आणि मधे गवताळ खोरे. खोऱ्याला वळसा घालणारा एकेरी रस्ता 11 मैलांचा, म्हणजे पावणेअठरा किलोमीटर. मे महिन्याच्या पहिल्या बुधवारपासून सप्टेंबरच्या शेवटच्या बुधवारपर्यंत दर बुधवारी तो दिवसभर फक्त सायकलींचा आणि चालणाऱ्यांचा. पूर्वी बुधवारी आणि शनिवारी सकाळी दहापर्यंतच मोटारी अडवत. पूर्ण दिवसाचा प्रयोग 2020 मध्ये सुरू झाला आणि टिकला. गर्दीच्या दिवशी मोटारीने हा फेरा पुरा करायला दोन ते चार तास लागतात. बुधवारी सायकलवरून साधारण तेवढ्याच वेळात तो होतो, आणि तोही जुन्या घरांपाशी थांबत, हरणे आणि रानटर्की बघत.

मुले किंवा भारतातून आलेले आई-बाबा बरोबर असतील तर डोळे झाकून हाच निवडा. कॅम्पग्राउंडजवळच्या दुकानात सायकली भाड्याने मिळतात. थकलेल्यांसाठी स्पार्क्स लेन आणि हायट लेन असे दोन आडवे रस्ते आहेत. पहिल्याने वळलात तर फेरा चार मैलांचा होतो, दुसऱ्याने आठ मैलांचा. मात्र हे दोन्ही रस्ते खडीचे आहेत. रोड बाईकच्या बारीक टायरवर तिथे जपूनच जावे लागते. निम्म्या वाटेवर केबल मिलपाशी स्वच्छतागृहे आहेत, सावलीत बसून डबा खाता येतो. आम्ही तिथे तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणचे खाल्ले आहे.

'खोरे' म्हटले की सपाट वाटते, पण तसे गृहीत धरू नका. रस्ता सतत खाली-वर होतो आणि दोन-तीन उतार चांगलेच तीव्र आहेत. निघण्याआधी भाड्याच्या सायकलचे ब्रेक स्वतः दाबून बघा. टेनेसीच्या कायद्याने 16 वर्षांपर्यंतच्या मुलांना हेल्मेट सक्तीचे आहे, मोठ्यांनीही घालावे.

या खोऱ्यात एक गोष्ट मला दर वेळी थांबवते. इथे तीन जुनी चर्च आहेत, त्यांच्या आवारात कबरी आहेत, लाकडी घरे आणि धान्याची कोठारे आहेत, पण गाव नाही. 1934 साली झालेल्या या उद्यानासाठी शेतकऱ्यांकडून जमिनी घेतल्या गेल्या आणि माणसे उठली. कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्यांना त्या कबरींपाशी वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही. मोटारींची रांग असते तेव्हा तिथे क्षणभर उभे राहणेही कठीण. बुधवारी गवतातून वाऱ्याचा आवाज ऐकू येतो.

अडचण वाराची आहे. बुधवार म्हणजे कामाचा दिवस, आणि जॉर्जियातल्या बहुतेक शाळा ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात उघडतात. कागदावर पाच महिने दिसले तरी शाळकरी मुलांच्या घरासाठी जून आणि जुलैच उरतात. तेव्हा दुपारी उकाडा असतो आणि गडगडाटी पाऊस येतो, म्हणून सकाळीच सुरुवात करावी. मोटारी नसल्या तरी माणसे खूप असतात आणि पार्किंग लवकर भरते. आदल्या रात्री जवळच्या टाउनसेंड गावात मुक्काम केला तर पहाटेच्या धुक्यात खोरे जवळजवळ तुमच्या एकट्याचे असते.

आता कुवोही. 2024 च्या सप्टेंबरपर्यंत नकाशांवर याचे नाव क्लिंगमन्स डोम होते. चेरोकी या इथल्या मूळ रहिवाशांच्या 'ईस्टर्न बँड' या गटाने मागणी केली आणि शिखराला त्याचे मूळ नाव परत मिळाले. कुवोही म्हणजे तुतीची जागा. उद्यानातले हे सर्वांत उंच ठिकाण, 2,025 मीटर. न्यूफाउंड गॅप या खिंडीजवळून निघणारा सात मैलांचा, म्हणजे सव्वाअकरा किलोमीटरचा रस्ता शिखराच्या पायथ्याच्या वाहनतळापर्यंत जातो. 1 डिसेंबर ते 31 मार्च त्याचे फाटक मोटारींसाठी बंद असते. सायकल बाजूने काढायची आणि निघायचे.

चढ एकूण चारशे मीटरच्या आत. सिंहगडचा घाट ज्यांनी सायकलवर केला आहे, त्यांना हा बराच सौम्य वाटेल. मधे थोडे उतारही येतात, म्हणजे परतताना तेवढे चढावे लागतात. दम काढते ती थंडी. रस्ता संपतो तिथेच तुम्ही कळसूबाईच्या माथ्यापेक्षा अडीचशे मीटरहून जास्त उंचावर असता, आणि तेही जानेवारीत. खाली पायथ्याच्या गॅटलिनबर्ग गावात साधा स्वेटर पुरत असला तरी वर हाताची बोटे बधिर होतात. रस्ता बंद असल्याने बर्फ हटवला जात नाही. सावलीतल्या वळणांवर काचेसारखा पातळ बर्फ दिवसभर टिकतो आणि तो डांबरावर दिसतही नाही. मी एका वळणावर असाच घसरलो. कोपर सोलवटले, सायकल वाचली. तेव्हापासून आदल्या आठवड्यात बर्फ पडला असेल तर मी जातच नाही.

वाट स्प्रूस आणि फरच्या काळपट हिरव्या जंगलातून जाते. मधेच करड्या, वाळलेल्या फरचे सांगाडे उभे दिसतात. युरोपातून आलेल्या एका सूक्ष्म किडीने मोठे फ्रेझर फर मारले. त्यांच्या पायाशी नवी झाडे वाढताना दिसतात, ती मी दर वर्षी थांबून पाहतो. वाहनतळापासून शिखरावरच्या बुरुजापर्यंतचा शेवटचा अर्धा मैल चालतच जायचे, त्या पायवाटेवर सायकलला परवानगी नाही. चढ उभा आहे, पण 1959 साली बांधलेल्या त्या गोल बुरुजावरून निरभ्र दिवशी डोंगरांच्या निळ्या रांगा मोजत बसावे.

मला विचाराल तर हाच. फेब्रुवारीतल्या कोरड्या दिवशी, प्रेसिडेंट्स डेच्या जोडून आलेल्या सुट्टीत, मला या रस्त्यावर तीन तासांत चार माणसे भेटली होती. वार पाळावा लागत नाही, शनिवार-रविवारही चालतो. पण दहा वर्षांच्या मुलाला किंवा पहिल्यांदा गिअरची सायकल हातात घेणाऱ्याला मी इथे आणणार नाही. वर फोनला रेंज नाही, पाणी मिळत नाही, आणि पंक्चर झाले तर मदतीला येणारी मोटारही नाही. दोघे तरी जा. ट्यूब, पंप, वारा अडवणारे जाकीट आणि हातमोज्यांची कोरडी दुसरी जोडी न्या. चढताना आलेला घाम उतरताना हाडापर्यंत गारठवतो.

गॅटलिनबर्गजवळचा रोअरिंग फोर्क हा साडेपाच मैलांचा रस्ताही हिवाळ्यात मोटारींना बंद असतो. ओढे, धबधबे, जुनी लाकडी घरे, सगळे आहे. पण तो अरुंद, वळणावळणाचा आणि तीव्र उताराचा आहे, ओल्या पानांवर ब्रेक लागत नाहीत. कुवोहीला जोरदार वारा असेल त्या दिवशी पर्याय म्हणून ठीक, खास त्यासाठी चार तास गाडी चालवू नये.

उद्यानाला प्रवेशशुल्क नाही, पण पंधरा मिनिटांहून जास्त वेळ गाडी उभी करायची तर पार्किंगचा टॅग लागतो: दिवसाला 5 डॉलर, आठवड्याला 15, वर्षाला 40. बुधवारचा फेरा आणि फेब्रुवारीचा घाट दोन्ही करणार असाल तर वर्षाचा टॅग घेण्यापूर्वी हिशेब मांडा, बहुतेकांना दोन दिवसांचे दहा डॉलरच पुरतात. निघायच्या सकाळी उद्यानाच्या संकेतस्थळावर रस्त्यांची स्थिती बघा. बर्फ पडला की न्यूफाउंड गॅपचा मुख्य रस्ताच बंद होतो आणि कुवोहीच्या फाटकापर्यंत पोहोचताच येत नाही. अस्वल दिसले तर निदान 50 यार्ड, म्हणजे पंचेचाळीस मीटर लांब राहायचे. केड्स कोव्हमध्ये ते दिसण्याची शक्यता बरीच, आणि तिथे तुमच्याभोवती मोटारीचा पत्रा नसतो, हे मुलांना सायकलवर बसायच्या आधीच सांगा.