सर्व्हरवर जीयूआय (खिडक्या-आयकॉनवाला डेस्कटॉप) ठेवावा का? आठ महिने वापरल्यानंतर

सर्व्हरवर डेस्कटॉप टाकू नका असं सगळेच सांगतात, आणि का म्हणून विचारलं की "रॅम खातो" एवढंच उत्तर मिळतं. माझ्याकडे मशीन जुनं असलं तरी रॅम ८ जीबी होती, म्हटलं खाऊन खाऊन किती खाणार, आणि डेबियन १२ (लिनक्सचाच एक प्रकार) टाकताना इन्स्टॉलरमध्ये डेस्कटॉपवर आधीच टिक असते ती तशीच राहू दिली. काम पण किरकोळच, एक सांबा शेअर (नेटवर्कवरून उघडता येणारं फोल्डर), दोन कंटेनर (वेगळ्या डब्यात चालणारे प्रोग्रॅम) आणि रात्री २ वाजता यूएसबी डिस्कवर आरसिंक या फाइल कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमने बॅकअप.

पहिले तीन महिने खरं सांगू का, मस्त गेले. डिस्क लावली की समोर दिसते, जागा कुठे गेली ते रंगीत चकतीत कळतं, कॉन्फिग फाइल साध्या एडिटरमध्ये उघडता येते. ज्याला टर्मिनलची, म्हणजे कमांड टाइप करायच्या काळ्या खिडकीची धास्ती आहे त्याला यामुळे केवढा धीर येतो हे वीस वर्षं कमांड लाइनवर बसलेल्यांना नाही कळायचं.

मग कर्नल (सिस्टीमचा गाभा) अपडेटनंतर एकदा मशीन रीबूट केलं आणि लॉगिन न करता तसंच सोडून दिलं. थोड्या वेळाने एसएसएच (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन) लागेना, पिंगला उत्तर पण नाही. जाऊन कीबोर्डचं एक बटण दाबलं तर साहेब लगेच हजर, रीबूट वगैरे काही नाही! जर्नल (सिस्टीमचा लॉग) उघडला तर "सस्पेंड एंट्री" अशी ओळ. म्हणजे सर्व्हर चक्क झोपला होता. मी सेटिंगमध्ये ऑटोमॅटिक सस्पेंड पहिल्याच दिवशी बंद केलं होतं हो, पण ते माझ्या अकाउंटपुरतं, लॉगिन स्क्रीन वेगळ्या युजरखाली चालते आणि तिची सेटिंग वेगळी, २० मिनिटं कोणी कीबोर्डला हात लावला नाही की ती मशीन झोपवते. स्लीप आणि सस्पेंड टार्गेट मास्क करून टाकलं, म्हणजे मशीनला झोपताच येणार नाही असं केलं, विषय संपला असं वाटलं.

कसला संपतोय. पुढच्या रीबूटनंतर बॅकअप चालला, लॉगमध्ये एरर नाही, आणि सकाळी बघतो तर रूट पार्टिशन (सिस्टीम असलेली डिस्क) १०० टक्के भरलेलं. झालं असं की यूएसबी डिस्क नोम (माझा डेस्कटॉप) माउंट करायचं, म्हणजे एका फोल्डरला जोडायचं, ते पण मी लॉगिन केल्यावरच. लॉगिन नाही तर डिस्क नाही, आणि आरसिंकने मीडिया या फोल्डरखाली, जिथे डिस्क जोडली जायची, त्याच नावाचं साधं फोल्डर बनवून सगळा डेटा सिस्टीमच्या डिस्कवर ओतला. वर लॉगिन केल्यावर खरी डिस्क नावापुढे १ लावून माउंट झाली, म्हणजे आता स्क्रिप्ट कायमची चुकीच्या जागी. अर्धा दिवस यातच गेला.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की भांडण रॅमचं नाहीच. डेस्कटॉप धरूनच चालतो की समोर माणूस बसलाय. माणूस उठून गेला तर झोपायचं, माणूस आला की डिस्क लावायची, लॅपटॉपवर हे सगळं शहाणपणाचं आहे, सर्व्हरवर तेच अंगाशी येतं. चालू पोर्ट (नेटवर्कवरची उघडी दारं) बघितले तर ६३१ वर प्रिंटरची कप्स सर्व्हिस आणि ५३५३ वर नेटवर्कवरची उपकरणं शोधणारी अवाही, दोन्ही डेस्कटॉपबरोबर आलेले, आणि माझ्याकडे प्रिंटरच नाही!

गेले चार महिने डिफॉल्ट टार्गेट मल्टी-युजर करून ठेवलंय, म्हणजे मशीन डेस्कटॉपशिवाय सुरू होतं. डेस्कटॉप काढला नाही, फक्त आपोआप सुरू होत नाही. डिस्क एफएसटॅबमध्ये (बूट होताना डिस्क माउंट करायची यादी) यूयूआयडीने, म्हणजे तिच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाने टाकली, नोफेल लावून, म्हणजे डिस्क नसली तरी बूट अडत नाही, आणि स्क्रिप्टमध्ये आधी तपासतो की डिस्क खरंच माउंट आहे का, नसेल तर बॅकअप थांबतो. साधारण एक जीबी रॅम सुटली ती वेगळी. रोजचं बघायला कॉकपिट हे सर्व्हर सांभाळायचं वेबपान टाकलंय, ब्राउझरमध्ये ९०९० पोर्टवर उघडतं, सर्व्हिस, लॉग, डिस्क सगळं दिसतं, माझी चित्र बघायची हौस तिथे ९० टक्के भागते. फक्त ते पोर्ट इंटरनेटवर उघडं टाकू नका. विंडोजवाल्यांनी हसू नये, मायक्रोसॉफ्टने २००८ पासूनच बिनडेस्कटॉपचा सर्व्हर कोर दिलाय.

नवीन असाल तर शिकेपर्यंत ठेवा डेस्कटॉप, लाज कसली, पण पहिल्याच दिवशी स्लीप मास्क करा आणि एकदा रीबूट करून लॉगिन न करता तासभर सोडून बघा काय काय बंद पडतं ते. मी गेल्या महिन्यात डेस्कटॉप एकदाच चालू केला, जीपार्टेड या डिस्क विभागायच्या प्रोग्रॅममध्ये एक पार्टिशन वाढवायला, दहा मिनिटांत काम झालं आणि परत बंद.