वंशावळीच्या अ‍ॅपचा अनुभव: आडनाव सोडा, गाव धरा

दिवाळीत वर्षाची वर्गणी भरून घेतलेलं वंशावळीचं अ‍ॅप पावसाळा लागला तरी वापरतोय. कंपनी परदेशी आहे. नाव लिहीत नाही, कारण या जातीची अ‍ॅपं थोड्याफार फरकाने सारखीच. आम्ही सोलापूरचे नळदुर्गकर. पणजोबा मिलच्या कामाला नळदुर्गाकडून आले, एवढंच घरात ठाऊक. त्याच्या मागचं हवं होतं.

साठवायला अ‍ॅप झकास आहे. प्रत्येक माणसाला फोटो, शाळेचा दाखला, लग्नपत्रिका, फेरफाराची नक्कल जोडता येते. पुण्याची आत्या आणि हैदराबादचा चुलतभाऊ एकाच झाडात भर घालतात. आत्याला टाइप करायचा कंटाळा, म्हणून ती माणसागणिक आवाजच रेकॉर्ड करून टाकते. कोण कुणाशी का बोलत नव्हतं, हेही त्यात आलंय. ते सगळ्यांना दिसतं हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.

‘आडनावाचा उगम’ या सोयीचे वेगळे पैसे घेतात आणि ते निव्वळ पाण्यात. आमच्या आडनावाखाली ‘प्राचीन, शूर आणि प्रतिष्ठित घराणं’ असा परिच्छेद आला. बायकोच्या माहेरचं आडनाव टाकलं तर तोच परिच्छेद, फक्त वरचं नाव बदललेलं. ‘तुमच्या आडनावाचे नातेवाईक’ म्हणून जी यादी येते, तिचाही उपयोग नाही. गावावरून आडनाव लावणाऱ्या दोन घरांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नसू शकतो. जातही वेगळी असते.

मुळात आपल्याकडे आडनाव हे फार पक्कं टोक नाही. जुन्या मोडी कागदांत माणूस ‘अमका बिन तमका’ (तमक्याचा मुलगा अमका) असाच भेटतो, पुढे गावाचं नाव. पुष्कळ घरांचं आडनाव शाळेच्या रजिस्टरमुळे किंवा मिलच्या हजेरीपटामुळे कायमचं चिकटलं. आमचं तसंच असणार. शिवाय नळदुर्ग हे नुसतं किल्ल्याचं गाव नव्हतं, पूर्वी तो निजामाचा जिल्हाच होता. जिल्ह्याचं ठाणं उस्मानाबादला नंतर गेलं. म्हणजे त्या मुलखातून सोलापूरला येणारा कुणीही नळदुर्गकर होऊ शकत होता.

खरा धागा मिळाला तो कुलदैवताचा. आमचा खंडोबा अणदूर-नळदुर्गचा. देव एकच, वर्षातले काही महिने नळदुर्गला आणि बाकीचे अणदूरला. नेवैद्य दोन्हीकडे, पण जावळाचा मान आमच्या घरी अणदूरचाच, असं आत्याच्या एका रेकॉर्डिंगमध्ये सहज येऊन गेलं होतं.

तेवढ्यावर पंढरपूरला क्षेत्रोपाध्यांकडे, म्हणजे यात्रेकरूंच्या घराण्यांच्या नोंदी वहीत ठेवणाऱ्या तीर्थातल्या पुरोहितांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘गाव?’ दुसरा, ‘कुलदैवत?’ आडनाव विचारलंच नाही म्हटलं तरी चालेल. लाल कापडात गुंडाळलेली लांबट वही काढली, कडेच्या खुणांवर अंगठा फिरवत अणदूरचं पान काढलं आणि मोडी घडाघडा वाचायला लागले. आडनाव ढगे. चार भाऊ, त्यांच्या बापाचं नाव, आजाचं नाव. धाकट्यापुढे वेगळ्या शाईत ‘हल्ली मुक्काम सोलापूर’. हा धाकटा म्हणजे आमचे पणजोबा. त्यांचं आणि त्यांच्या वडिलांचं नाव आजोबांच्या दाखल्याशी तंतोतंत जुळलं. दक्षिणा दिली, परवानगी घेऊन फोटो काढला. एवढं त्या अ‍ॅपच्या शोधयंत्राने जन्मात दिलं नसतं.

मग ही माहिती अ‍ॅपमध्ये भरायला बसलो आणि खरी कटकट सुरू झाली. तारखेच्या रकान्यात इसवी सनच चालतो. वहीत शके, त्यात ७८ मिळवायचे, जानेवारीपासून पाडव्यापर्यंतची तारीख असेल तर ७९. निजामी कागदांत फसली साल, म्हणजे महसुली वर्ष. त्यात साधारण ५९० मिळवायचे, म्हणजे फसली १३४० म्हणजे १९३०-३१. मूळ नोंद शेरा म्हणून लिहून ठेवा, नाहीतर पुढच्याला पत्ता लागणार नाही. बायकांच्या बाबतीत तर अ‍ॅपची अक्कलच संपते. माहेरच्या आडनावाला रकाना आहे, माहेरच्या नावाला नाही. आमच्या पणजीचं लग्नात नाव बदललं, त्यामुळे अ‍ॅपच्या लेखी त्या दोन वेगळ्या बायका झाल्या. मामाची मुलगी केली की लाल त्रिकोण येतो, ‘नात्यात चूक असण्याची शक्यता’. आमच्याकडे अशी तीन लग्नं! त्रिकोण तसेच ठेवलेत. दत्तकाची मात्र नीट सोय आहे, दोन्ही बाप दाखवता येतात.

सोलापूरकरांसाठी एक. आपल्याकडे कागद कुठे शोधायचे हे १९४८ च्या आधी गाव कुणाच्या राज्यात होतं त्यावर ठरतं. सोलापूर, बार्शी ब्रिटिशांकडे, अक्कलकोट भोसल्यांचं संस्थान, मंगळवेढा सांगलीच्या पटवर्धनांकडे, तुळजापूर-नळदुर्ग निजामाकडे. अ‍ॅप या सगळ्याला ‘महाराष्ट्र, भारत’ म्हणतं. निजामी दप्तरात उर्दू भरपूर. वाचणारा माणूस आपल्या सोलापुरात गल्लीत मिळेल, मोडी वाचणारा मात्र शोधावा लागतो.

पैसे न घालता सुरुवात करायची असेल तर ‘फॅमिलीसर्च’ फुकट आहे. हरिद्वारसारख्या तीर्थांतल्या वह्यांची छायाचित्रं तिथे आहेत, पण पान पान उलटत बसायची तयारी हवी. ‘ग्रॅम्प्स’ हेही फुकट, संगणकावर चालतं, दिसायला रुक्ष.

मी वर्गणी पुढे भरणार नाही. पाचपैकी अडीच तारे, त्यातले दोन आत्याच्या रेकॉर्डिंगचे. तुम्हीही थांबवणार असाल तर मुदत संपायच्या आत गेडकॉम फाइल (झाड एका अ‍ॅपमधून दुसऱ्यात न्यायची फाइल) उतरवून घ्या. नावं, तारखा, नाती दुसरीकडे जातात, पण फोटो आणि आवाज त्या फाइलमध्ये येत नाहीत, ते एकेक करून वेगळे उतरवावे लागतात.